आवाज कमी झाला तर

११ मार्च २०१७, शनिवार
पायोंगला मुलगा झाला. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, आणि माझ्याच हातात आला. त्याच्या बायकोचे, केवाचे, आधीचे दोन गर्भ पोटातच गेले होते, म्हणून कळा सुरू झाल्यापासून मी तिच्याजवळून हलले नाही. पण पोरगं बाहेर आलं ते गुरासारखं ओरडत. दोन किलो नऊशे. नळी लावून छाती ऐकली. स्वच्छ. ठक-ठक, ठक-ठक.
संध्याकाळी आईने त्याला केवाच्या छातीशी धरून पूर्वजांची नावं घ्यायला सुरुवात केली. बोली म्हटलं, तोंड फिरवलं. लागा म्हटलं, रडलं. कोपोंग म्हटल्याबरोबर थान धरलं. कोपोंग म्हणजे आमचे आजोबा; तेच नाव ठरलं. पायोंग बाहेर ताडी पीत बसला होता. तिथूनच ओरडला, "म्हातारा परत आला! आता माझी होडी चालवायला शिकवणार मला!"
अकरा वर्षं बेटावरच्या या गावात सरकारी सुईण आहे. इबू बिदान, इबू बिदान म्हणून गाव हाका मारतं. पण आज पहिल्यांदा नाळ कापण्याआधी गाठ दोनदा तपासली.

२३ एप्रिल
केवा म्हणते, "ताई, दूध पिताना याचं डोकं ओलंचिंब होतं. मध्येच सोडतो, धापा टाकतो, मग झोपतो."
म्हटलं, "एवढ्या उन्हाळ्यात तीन दुपटी गुंडाळशील तर काय होईल? भाजी वाफवतेस की पोर?"
ती हसली. मीही हसले.

१४ मे, रविवार
आज चिंचेखाली मुलांच्या वजनाचा दिवस. कोपोंगला झोळीत घालून काट्याला टांगलं. तीन किलो चारशे. दोन महिन्यांत अर्धाच किलो. श्वास मोजला. मिनिटाला अडुसष्ट. घड्याळ चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजला. सत्तर.
नळी लावली. ठक-ठक नव्हतं. चाळणीतून कोंडा झडावा तसा एक खरखरता आवाज, प्रत्येक ठोक्याबरोबर. आधी वाटलं, कफ आहे. मग कळलं की कफ नाही. कफ श्वासाबरोबर वाजतो, ठोक्याबरोबर नाही.
केवा समोर उभी होती. "काय गं ताई?"
"काही नाही. सर्दी."
मागे रांग होती. मी पुढच्या बाळाला झोळीत घेतलं. सर्दी का म्हणाले मी?

१६ मे
काल रात्री पायोंगला सांगितलं. आज त्याच्याच होडीने तालुक्याच्या इस्पितळात गेलो. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि चिठ्ठी लिहिली. हृदयाचे डॉक्टर कुपांगहून, प्रांताच्या राजधानीतून, वर्षातून दोनदा मशीन घेऊन येतात. आता जुलैत येतील. तोवर लघवी जास्त होण्याचं औषध, म्हणजे छातीत पाणी साचणार नाही.
 परतताना पायोंग सबंध वाट बोलत होता, इंजिनाबद्दल, माशांबद्दल, कशाबद्दलही.

९ जुलै, रविवार
डॉक्टर हारियांजा. ठेंगणे, घाईतले, पण हात मऊ. बाहेर चाळीसेक पोरं ताटकळत होती. कोपोंगच्या छातीवर गार चीक लावला, पडद्यावर करडी हालचाल दिसू लागली. त्यांनी कागदावर चौकोन काढला, त्याचे चार भाग केले.
"हृदयाच्या चार खोल्या. खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला हे भोक. मोठं आहे, माझ्या करंगळीचं टोक जाईल एवढं. चांगलं रक्त अंगभर जायचं सोडून भोकातून परत फुप्फुसात घुसतं. फुप्फुसं रक्ताने भिजतात, म्हणून धाप. आणि सगळी ताकद श्वासातच जाते, म्हणून वजन नाही."
केवाने विचारलं, "मी काय खाल्लं होतं? की ते जड घागरी उचलणं..."
"बाई, तुम्ही काही केलं नाही. भिंत पोटातच पुरी होते. कधी होत नाही. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."
मी विचारलं, "जन्मला तेव्हा मी ऐकलं होतं. काहीच नव्हतं."
"तेव्हा नसतंच. पहिले काही आठवडे दोन्हीकडचा दाब सारखा असतो. रक्त भोकातून वाहत नाही, तर आवाज कुठून येणार? तुमची चूक नाही."
मला एवढं हलकं वाटलं की लाज वाटली. पोराच्या हृदयाला भोक आहे आणि मी माझ्या सुटकेचा श्वास घेते.
ऑपरेशन बालीत. नाव यादीत घातलंय, वर्षभराच्या आत तारीख येईल, खर्च सरकारी विम्यातून. निघताना डॉक्टर म्हणाले, "दर महिन्याला छाती ऐकत जा. आवाज कमी झाला तर मला लगेच कळवा." नंबर दिला. तेवढ्यात पुढचं बाळ आत आलं.
बाहेर पायोंगने विचारलं, "आवाज कमी होणं म्हणजे चांगलं ना?"
मी म्हटलं, "हो. भोक लहान होत गेलं की आवाजही लहान. काही पोरांचं आपोआप बुजतं."

२० ऑगस्ट
तिसऱ्यांदा न्यूमोनिया. नऊ दिवस इस्पितळात. नाकातल्या नळीने दूध. केवाची स्वतःची हाडं वर आली आहेत. आई म्हणते, "नाव जड झालंय पोराला. आजोबा अंगाने केवढा होता! बदला नाव."
पायोंग भडकला. "नाव बदलून भोक बुजतं का गं आई? मग माझ्या होडीचंपण बदलतो, तीपण गळते!"
आई रडली. तो बाहेर जाऊन बसला. मी कोणाचीच समजूत काढली नाही. मला वाटत होतं, हे पोर जाणार. लिहून ठेवते, कारण बोलता येत नाही: कधीकधी वाटतं, जायचंच असेल तर लवकर जावं. त्या क्षणी ते झोपेत हसलं.

३ नोव्हेंबर
पलीकडच्या गावची सहा वर्षांची मुलगी ऑपरेशनला बालीला गेली होती. आज पेटी आली. तिच्याही हृदयाचंच काहीतरी, पण आमच्याहून फार गुंतागुंतीचं, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणे. पेटी पायोंगच्याच होडीतून आली. मी मातीला गेले. तिची आई रडत नव्हती. येईल त्याला एकच वाक्य सांगत होती, "जाताना आपल्या पायांनी चालत गेली होती. आपल्या पायांनी."
परत आले तर केवा दारातच उभी. "काय म्हणाली तिची आई?"
नको सांगायला, असं ठरवलं होतं. सांगितलं.

१९ जानेवारी २०१८
आज लिहायला बरं वाटतंय. कोपोंग दहा महिन्यांचा. श्वास सत्तरवरून अठ्ठेचाळीसवर आला. दूध पिताना घाम नाही. शेवग्याचा पाला घातलेली मक्याची पेज वाटीभर खातो. आणि आवाज! कोंड्याची खरखर नाही, नुसती फुंकर. तीनदा ऐकलं. डावीकडून, उजवीकडून, पाठीकडून.
केवाच्या कानांत नळी घातली. "काय ऐकू येतं?"
"ठक-ठक."
"आणि मधे?"
"मधे? मधे काही नाही."
दोघी वेड्यासारख्या हसलो.
डॉक्टर या महिन्यात आले होते, पण समुद्र खवळलेला, तीन दिवस होड्या बंद. भेट चुकली. फोन करायचा आहे.

६ मार्च
बालीहून पत्र आलं. १६ एप्रिलला हजर राहा.
सगळे पत्र मध्ये ठेवून बसलो. आई म्हणाली, "खातंय, पितंय, हसतंय त्या पोराची छाती फाडायची?" पायोंग म्हणाला, "डॉक्टरने सांगितलंय तर जाऊ." पण त्याचा आवाज जाणाऱ्याचा नव्हता. ती पेटी त्याने स्वतः उतरवली होती.
केवा माझ्याकडे बघत होती. "तू सांग ताई. तू म्हणशील तसं."
मी पुन्हा छाती ऐकली. जानेवारीपेक्षाही कमी. जवळजवळ नाहीच.
डॉक्टरांना दोनदा फोन लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. खरं लिहायचं तर, 'तरीही जा' असं ते म्हणाले असते तर? केवाला ते कसं सांगितलं असतं?
मी म्हटलं, "भोक बुजत आलंय. थांबू या. तारीख पुढची मागता येईल."
केवाने माझा हात धरून कपाळाला लावला. पायोंग उठून बाहेर गेला. त्याच्या पाठीवरून कळत होतं, तो रडतोय. बरं वाटून रडत होता.

१८ एप्रिल
परवाची तारीख गेली. आज कोपोंग चार पावलं चालला. चिंचेपासून माझ्यापर्यंत. पायोंगने डुक्कर कापलं, सगळ्या आळीला जेवण. ताडी चढल्यावर तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "हा पोरगा मी जन्माला घातला, पण वाचवला माझ्या बहिणीने! डॉक्टरांची मशीन एकीकडे, आणि आमच्या पेनीचे कान एकीकडे!"
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, पण आवडलं.

१२ ऑगस्ट
वजन तक्त्यावरच्या निरोगी मुलांच्या रेषेला टेकलं. आज बायकांना कोपोंगचंच उदाहरण दिलं. जुलैत डॉक्टर आले होते, पण बऱ्या पोराला कशाला न्यायचं म्हणून गेलो नाही.
दुपारी समुद्रात डुंबला. बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे. वारा सुटला होता, पाणी गार होतं. पुसून उन्हात बसवला. थोड्या वेळाने ठीक.

२५ नोव्हेंबर
हल्ली तो पळता पळता मध्येच बसतो. मोठ्या माणसासारखा विचार करत. पायोंग म्हणतो, "आजोबा आहे तो, दमतो!" छातीत आता काहीही आवाज नाही. फक्त दुसरा ठोका जरा जोरात पडतो. दार आपटल्यासारखा. हृदय मजबूत झालं असेल.

४ फेब्रुवारी २०१९
आरोग्य केंद्रात नवं यंत्र आलंय. बोटाला चिमटा लावायचा, रक्तात प्राणवायू किती ते आकडा सांगतं. आम्ही सगळ्यांनी पोरीबाळींसारखं एकमेकींना लावून पाहिलं. मी ९८. शिपाई म्हातारा ९६. वजनाला आलेली पोरं ९७, ९९, ९८.
कोपोंग ८४.
पुसून लावलं. ८३. दुसऱ्या बोटाला. ८४. पुन्हा माझ्या बोटाला. ९८.
त्याची नखं पाहिली. रोज त्याला अंघोळ घालताना, भरवताना हे हात मी धरते. नखं जांभळी होती. टोकं गोल, फुगीर झाली होती. कधीपासून?
केवाला म्हटलं, "यंत्र नवं आहे, नीट चालत नाही."

७ एप्रिल, रविवार
डॉक्टर या वर्षी जानेवारीऐवजी आत्ता आले; 'नुसती तपासणी' म्हणून दोघांना घेऊन गेले. डॉक्टर हारियांजांनी ओळखलं. "पेनी ना? या पोराला बालीत शिवलं का नीट?"
"गेलो नाही."
त्यांनी नळी कानात घातली. बराच वेळ ऐकलं. मशीन बराच वेळ फिरवली. बालीच्या डॉक्टरांना चित्रं पाठवली, त्यांच्याशी फोनवर अर्धा तास बोलले. मग पायोंग-केवाला म्हणाले, "पोराला काहीतरी खायला घालून आणा." ते गेल्यावर दार लावलं.
"आवाज कधी कमी झाला?"
"गेल्या वर्षी. जानेवारीत."
"तेव्हाच श्वासही सुधारला? वजन वाढलं?"
"हो."
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सांगितलं. फुप्फुसांवर दिवसरात्र रक्ताचा मारा होत होता, तेव्हा तिथल्या नळ्या स्वतःला वाचवायला जाड होत गेल्या. आतून अरुंद, कडक. मग रक्ताला तिकडे जायलाच जागा उरली नाही. भोकातून वाहणं कमी झालं. म्हणून धाप थांबली, घाम थांबला, भूक लागली. म्हणून आवाज गेला. भोक तेवढंच आहे. करंगळीचं टोक जाईल एवढंच. आता उलटं होतंय, वापरलेलं काळं रक्त भोकातून अंगात शिरतंय. आता भोक शिवलं तर हृदयाला वाटच उरणार नाही. टेबलावरच जाईल.
"एवढ्या लहानपणी सगळ्यांत होत नाही. काहींत लवकर होतं," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं होतं, आवाज कमी झाला तर..."
"कळवा," मी म्हटलं.
"तारीख आली होती का?"
"सोळा एप्रिल."
त्यांनी ती तारीख कागदावर लिहून घेतली. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"किती दिवस?"
"काही मुलं वीस-पंचवीस वर्षं काढतात, जपून. काही नाही काढत. औषधं आहेत, थोडी. आईबापांना मी सांगू?"
"नको. मी सांगेन."
बाहेर दोघं बाकावर होते. कोपोंग केळ्याची भजी खात होता. केवाने वर पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ऑपरेशन करायचं नाही म्हणाले."
"लागणारच नाही?"
"नाही."
केवा तिथेच गुडघ्यांवर बसली आणि क्रूसाची खूण करत रडायला लागली. पायोंगने पोराला डोक्यावर उचललं. मी त्याला 'नको, दमेल' म्हणाले. 
मी खोटं एकही वाक्य बोललेले नाही. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. किळस आली.

२१ एप्रिल, ईस्टर
केवाने चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठेवली. पाद्रींनी कोपोंगचं नाव घेतलं. मी तिसऱ्या बाकावर होते. अन्न जात नाही. आई विचारते, "तुला काय झालं? पोर बरं झालं आणि तू वाळतेस?"
रोज सकाळी ठरवते, आज सांगते.

२ मे
आज सांगितलं. मी धीर केला असं नाही. भाग पडलं.
वरच्या वस्तीतल्या बारेकची मुलगी पाच महिन्यांची आहे, तिलाही तसंच भोक, परवा आलेल्या पत्रात बालीची तारीख. बारेक सल्ला मागायला केवाकडे आली होती. मी पोचले तेव्हा दोघी चुलीपाशी होत्या. केवा मक्याचे भाजलेले दाणे एकेक करून दगडावर ठेवत होती, वरवंट्याने चपटे करत होती. माझ्याकडे न बघताच तिला सांगत होती, "अगं, कशाला नेतेस? आमचंही असंच होतं. डॉक्टर घाबरवतातच. आवाज आपोआप गेला, भोक बुजलं. हो की नाही, ताई? सांग ना हिला."
बारेकच्या मांडीवर पोर धापा टाकत होतं. कपाळावर घाम.
मी म्हटलं, "बारेक, तू जा. ठरलेल्या तारखेला जा. एक दिवसही उशीर करू नकोस."
केवाचा हात थांबला.
"भोक बुजलं नाही केवा. कधीच बुजलं नव्हतं." मग सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं, तसंच्या तसं. फोनचंही सांगितलं, तिसऱ्यांदा लावला नाही ते. बारेक कधी उठून गेली कळलं नाही.
"म्हणजे त्या सोळा तारखेला गेलो असतो तर..."
"बहुतेक बरा झाला असता."
"आणि आता?"
"आता नाही."
 तवीतले दाणे करपायला लागले. मी उतरवायला हात पुढे केला.
"हात लावू नकोस."
मी हात मागे घेतला.
"चर्चमध्ये मी आभार मानत होते," ती म्हणाली. "तू मागे बसून ऐकत होतीस. तीन आठवडे, ताई. तीन आठवडे तू माझं हसणं बघत होतीस."
ऑपरेशनची तारीख चुकल्याचा बोल तिने मला लावला नाही. मला वाटलं होतं, लावेल.

९ मे
बारेकला घेऊन तालुक्याला गेले, तिथून तिला विमानतळाच्या गाडीत बसवलं. जायला पायोंगचीच होडी. फळीवरून चढताना तो प्रत्येक बाईला हात देतो. बारेकला दिला, तिचं पोर स्वतः धरलं. मला दिला नाही. दुसरीकडे बघत दोर सोडवत राहिला. मी गुडघाभर पाण्यात उतरून कडेने चढले.
होडीत कुणीतरी विचारलं, "पायोंग, पोरगा कसा आहे?"
"आहे," तो म्हणाला.

१२ मे, रविवार
वजनाचा दिवस. केवा येणार नाही असं वाटलं होतं. आली. इतर बायकांच्या मागे, रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर कोपोंगला तिने स्वतःच झोळीत बसवलं.
दहा किलो चारशे. मी मोठ्याने सांगितलं आणि वहीत लिहिलं. बोटाला चिमटा लावला, ८२. तेही लिहिलं.
"दाखव," केवा म्हणाली.
"काय?"
"लिहिलंस ते."
मी वही फिरवून तिच्यापुढे धरली. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली आहे. बोट ठेवून एकेक आकडा लावत वाचू लागली. आधी काटा पाहिला, मग वही, मग पुन्हा काटा. मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी खोकलं. मी वही धरून उभी राहिले.
वाचून झाल्यावर तिने मान हलवली आणि कोपोंगला उचललं. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे वळला, दोन्ही हात पुढे केले आणि "पेनी!" म्हणून हाक मारली.
केवाने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.